चांदण्यातली सुट्टी

ओमेना ही सरोवरातली बोटभर मासळी, पण तिचा नखरा मोठा. काळोखात ती होडीवरच्या दिव्याकडे धावत येते आणि चांदणं पडलं की दिव्याला विचारत नाही. म्हणून पौर्णिमेच्या आगेमागे बेटावरच्या होड्या वाळूवर चढतात, जाळी वाळत पडतात आणि ओर्वासारखे परगावचे नाखवे घरी जातात.

नऊ वर्षं त्याचं असंच चाललं होतं. काळोखात बेट, चांदण्यात बायको. बेटावर आविनो होती. ती मासळी घ्यायला यायची, पण तिथे नुसते शिलिंग मोजून मासळी मिळत नाही. ज्या नाखव्याशी बाईचं जमतं, त्याच्या होडीची मासळी तिची. बाप्ये याला रीत म्हणतात. बाया काय म्हणतात, हे त्यांनी कधी विचारलेलं नाही.

वर्षापूर्वी किनाऱ्यावर तंबूत बसणाऱ्या सिस्टर पेर्पेतुआंनी ओर्वाला तपासलं. तो निरोगी निघाला. एचआयव्ही होऊ नये म्हणून त्यांनी गोळ्यांची डबी दिली आणि रोज एक घे, असं तीनदा बजावलं. ओर्वाने मान डोलावली. पण नाखव्याचं डोकं नाखव्यासारखंच चालणार. होडी वाळूवर तर जाळंही वाळूवर. आविनो नाही तर गोळी कशाला? शिवाय आजार झालेली माणसंही तसल्याच डब्या बाळगतात. घरी आदोयोने पाहिली तर ती काय समजेल?

मग होडी पाण्यात लोटायच्या संध्याकाळी तो पहिली गोळी घ्यायचा, आणि घरी निघायच्या सकाळी डबी जाळ्यांच्या खोपटात आढ्याला खोचून ठेवायचा. त्याच सकाळी आविनो निरोप द्यायला यायची. या हिशेबावर तो इतका खूश होता की होडीवरच्या दोघा गड्यांनाही त्याने तो शिकवला.

नियमाप्रमाणे सिस्टर दर तीन महिन्यांनी रक्त तपासत. या खेपेला त्यांनी दोनदा तपासलं. दोन्ही वेळा लागण झालेलीच निघाली.

"पण गोळ्या घेत होतो ना मी," ओर्वा म्हणाला.

सिस्टरांनी केव्हा केव्हा घेत होतास ते विचारलं. त्याने सगळं सांगितलं, थोडं अभिमानानेही सांगितलं, सवयच ती. त्या ऐकत राहिल्या. गोळी अंगात भिनायला वेळ लागतो आणि बाईजवळून उठलास की काम संपत नाही, पुढेही घ्यावी लागते, असं त्यांनी समजावलं. औषध आजच सुरू कर, जन्मभर घे, माणूस व्यवस्थित जगतो, हेही सांगितलं. मग त्यांनी पेन हातात घेतलं.

"हे शहाणपण आणखी कोणाला शिकवलंस?"

त्याने दोघांची नावं सांगितली. त्यानंतर आविनोचं सांगितलं. आदोयोचं नाव मात्र त्याच्या तोंडून निघेना. तिला पाचवा महिना होता आणि गेल्या चांदण्यात तो घरीच होता.

दुसऱ्या दिवशी तो घरी पोचला तेव्हा आदोयो मागच्या अंगणात भुईमूग फोडत होती. ओर्वाने उभ्या उभ्याच सांगून टाकलं. बसला असता तर सांगवलं नसतं. आदोयोचे हात थांबले.

"त्या बाईचं मला पहिल्या वर्षापासून ठाऊक आहे," ती म्हणाली. "मासळी कशी मिळते ते इथे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. तुम्हाला बाईची लाज नाही वाटली, ओबेलचे बाबा. डबीची वाटली."



सकाळी दोघं दवाखान्यात गेली. वाटेत ती चार पावलं पुढेच चालत होती. तिच्या रक्तात काही निघालं नाही. ओर्वाने सुटकेचा निःश्वास सोडला तेव्हा तिथल्या नर्सने त्याला थांबवलं. लागण नुकतीच झाली असेल तर इतक्यात दिसत नाही. काही आठवड्यांनी पुन्हा यायचं, बाळ होईपर्यंत येत राहायचं. तोवर, होऊ नये म्हणून, आदोयोने रोज एक गोळी घ्यायची. त्याला जी दिली होती, तीच.

घरी आल्यावर तिने दोन्ही डब्या पुढच्या खोलीत, चहासाखरेच्या फळीवर, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसतील अशा ठेवल्या. ओर्वा नको म्हणणार होता, पण त्याला धीर झाला नाही. संध्याकाळी त्याची आई चहाला आली. म्हातारीची नजर अजून घारीची. कोण आजारी आहे, तिने विचारलं.

"तुमचा मुलगा," आदोयो कप भरत म्हणाली. "ही त्यांची, आजार झाला म्हणून. ही माझी, होऊ नये म्हणून."

म्हातारीने दोन्ही डब्या हातात घेऊन पाहिल्या. मग तिने एवढंच विचारलं की न होण्याचं औषध जर मिळतं, तर ते तिच्या लेकाला कोणी का नाही दिलं.

"ते त्यांनाच विचारा, आई," आदोयो म्हणाली.

म्हातारीने डब्या मांडीवर ठेवल्या आणि ती ओर्वाकडे वळून बसली.