बघून झालेली गाठ

भिंतीवर दादाने चिकटवलेला पहिला कागद: *तुम्ही पाहता, म्हणून ते असतं.*

खोटं.

म्हणजे साफ खोटं नाही, संताप त्याचाच येतो. मोजण्याआधी इलेक्ट्रॉन अमुक जागी होता असं म्हणता येतं का, यावर जाणती माणसं अजून भांडतायत. मी कॉलेजात तेच शिकवते. पण इलेक्ट्रॉनबद्दल. आईच्या पोटातल्या गाठीबद्दल नाही.

उद्या ऑपरेशन. आणि आई सकाळपासून म्हणतेय, "नको. दादा म्हणतो, लक्ष दिलं नाही की विरघळेल."

दुसरा कागद, टीव्हीच्या वर: *विचार बदला, कण बदलतील.*

"कुठले कण रे? एकाचं तरी नाव सांग."

"आल्या प्रोफेसरीणबाई तोंडी परीक्षा घ्यायला!" घरातच दादाचा ध्यानाचा वर्ग चालू होता. सतरंजीवर डोळे मिटून बसलेल्यांनी एकेक डोळा उघडला. "तूच म्हणतेस ना, बघेपर्यंत काही ठरत नाही? मग नकोच बघायला. आईच्या स्कॅनची फिल्म मी ठेवून दिलीय."

"कुठे?"

"सांगत नाही."

त्याच्या गादीखाली. लहानपणापासून सगळं तिथेच लपवतो, गाढव. जाऊन काढून आणली.

आता पॉझिट्रॉन, म्हणजे इलेक्ट्रॉनचा उलट्या भाराचा जुळा. (थांब दादा, मी बोलतेय.) स्कॅनआधी आईला टोचलेल्या औषधातून तो निघतो, तिच्याच शरीरातल्या इलेक्ट्रॉनला भिडतो. दोघं संपतात. दोन किरण उलट दिशांना सुटतात, यंत्र दोन्ही पकडतं. अशा असंख्य जोड्यांचा मिळून हा काळा डाग. ज्या कणांच्या नावाने तू दुकान मांडलंयस, त्यांनीच दाखवलाय तो! मोजून झालंय. आता डोळे मिटून पुसलं जाणार नाही.

"आईला घाबरवू नकोस."

"मारू नकोस तिला!"

तिसरा कागद मी न वाचताच फाडला.

"गप्प बसा दोघं."

स्वयंपाकघराच्या दारात आई. हात ओले.

"तू कधी पाहिलास हा फोटो?" मला.

"मागच्या आठवड्यात. डॉक्टरांकडे."

"आणि तू रे?"

"मी... आपलं वरवर."

"म्हणजे मशीनने पाहिलं, डॉक्टरांनी पाहिलं, तुम्ही दोघांनी पाहिलं. पोट कुणाचं?"

दादाने सतरंजीचं टोक सरळ केलं.

"ही म्हणणार 'आहे', तो म्हणणार 'नाही'. माझ्या पोटावर चर्चासत्र! आण इकडे."

तिने हात पुसले, फिल्म खिडकीच्या काचेला लावली. डागावर बोट ठेवून त्याची कड गिरवली.

"एवढीशी," ती म्हणाली. मग चिडली ती माझ्यावरच, दादावर चिडली नसेल इतकी. "तू तर शिकवतेस ना गं? मला का नाही दाखवलंस?"

आमच्या प्रयोगात, ज्याला मोजलं त्याला आकडा सांगायची पद्धत नाही.

"उद्या किती वाजता बोलावलंय?"

"सातला. उपाशीपोटी."

"मग लवकर उठव मला."

सतरंजीवरच्या एका बाईंनी डोळे पुन्हा घट्ट मिटले होते.

"उघडा हो!" आई खेकसली. "मी आहे इथे."