जीपमधली चौथी जागा

माझ्या धाकट्या भावाला, पवनला, जोहान्सबर्गला ट्रॅक्टरच्या कंपनीत नोकरी लागून चार वर्षं झाली. तेव्हापासून लेकरू घरी आलं नाही. यंदा त्याने फर्मान काढलं, की तूर घरात आली की आई-बाबांनी तिकडे यायचं, सगळ्यांनी मिळून जंगल पाहायचं. बाबांचा चुलतभाऊ भागवतकाका हे ऐकताच स्वतःच्या खर्चाने तयार झाला. म्हणजे पवन धरून चौघं.

ते जंगल सरकारी नव्हे, एका मालकाचं. आमच्या मेडशीत माणसाला वांग्याच्या वाफ्यांची राखण होत नाही, आणि तिकडे एकेकाच्या जमिनीत हत्ती! मुक्कामाला खोल्या, अन् रोज उघड्या जीपमधून फेऱ्या.

आई तर हरखून गेली होती. पवनने एकदा व्हिडिओ कॉलवर पाणी पिणारा जिराफ दाखवला होता, पुढचे पाय फाकवून, मान खाली घालून. आई डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मग शेजारच्या गोमतीबाईला स्वतः पाय फाकवून दाखवलं, कसा पितो ते. पासपोर्टसाठी अकोल्याला गेलो, तर तिथल्या माणसाला म्हणते, “फोटोत हसू का नको, बाप्पा?” जन्मात पहिल्यांदा ही बाई स्वतःसाठी कुठे निघाली होती.

त्या रविवारी मी वाशिमहून मुद्दाम मेडशीला गेले. मी शाळेत इंग्रजी शिकवते, म्हणून तिकडच्या मॅनेजरबाईशी बोलायचं काम माझ्याकडे. ओसरीत बाबा आणि काका बाजेवर बसलेले. आई खाली बसून दुसऱ्या दिवशीच्या बाजारासाठी सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या बांधत होती. फोन मी पाण्याच्या माठाला टेकवून ठेवला. पवन कॉलवर आधीच आला होता. मॅनेजरबाई यायची होती.

“तिथं खायाले काय भेटन रे?” काकाने विचारलं.

पवन म्हणाला, “मांसच जास्त, काका. हरनाचं बिरनाचं. बाकी मंग पाव, उकडल्या भाज्या.”

आमच्या घरात अंडंही येत नाही. बाबांचं तोंड पडलं. पण काकाची उचलली जीभ लावली टाळ्याला. “मंग वहिनी कायले हाये? खोलीत चूल हाये म्हनते ना पवन? पीठ नेऊ, ठेचा नेऊ. आपन सकाळी जनावरं पाहून येऊ, तवरिक वहिनी भाकरी टाकून ठेवन.”

बाबांनी मान डोलावली. सुटला प्रश्न!

“अन् आई कधी पाहीन जनावरं?” मी विचारलं.

“बायांची पंगत मंगूनच बसते, पोरी. आपन आलो का जीप रिकामीच. मंग जाईन वहिनी निवांत.”

आमच्याकडे लग्नात हीच रीत. बाया सगळ्यात शेवटी बसतात, तोवर बुंदी संपलेली असते आणि भाजीत पाणी वाढलेलं असतं. काकाला वाटलं, हत्तीसुद्धा दुसऱ्या पंगतीची वाट पाहत थांबतात.

तेवढ्यात मॅनेजरबाई आली. पांढरे आखूड केस, हसरा चेहरा. मी शरमेने अर्धी होऊन तिला विचारलं, की सकाळी मागे राहिलेल्यांना बाकीचे परत आल्यावर नेता येईल का? ती म्हणाली, नाही. पहाटे एक फेरी, दुपार कलल्यावर एक. मधल्या वेळात जनावरं सावलीत पडून असतात, ड्रायव्हरही झोपतो. आणि जागा नावाने धरलेल्या आहेत, चार नावं आहेत.

मी ते मराठीत सांगितलं.

“मंग दुपारच्या फेरीले जाईन ते,” बाबा जरा नरमाईने म्हणाले.

“अन् रातचा सैपाक?” काका.

बाबांनी क्षणभर विचार केला. “तीनच जन सांग तिले.”

आमचे चेहरे पाहून मॅनेजरबाईनेच विचारलं, कोणी जीपमध्ये बसणार नाही का? तसं असेल तर दुसरे पाहुणे वाट पाहत आहेत, ती जागा त्यांना देते. मी पवनकडे पाहिलं. जिराफ यानेच दाखवला होता, आता हाच बोलेल.

पवनने मान खाजवली. “ताई, वाढवू नको ना. जीपमंदी लय धचके बसतात, आईले तरास होईन. अन् खरं सांगू? म्या चुलीची खोली पाहूनच बुक केली. चार वर्सं झाले, आईच्या हातची भाकर नाई खाल्ली.”

म्हणजे याने आईला बोलावलंच नव्हतं. याने भाकर बोलावली होती, आई नुसती तिच्यासोबत येणार होती!

वर बाबा म्हणतात, “तिले जनावराचं काय नवल? रोही हाकलता हाकलता जल्म गेला तिचा.”

हेच तर! आईने आजवर जनावर पाहिलं ते हाकलण्यासाठी. वांग्यात घुसलेला रोही, म्हणजे नीलगाय, दिसला की डबा बडवायचा, दगड भिरकवायचा, आणि पळत्या जनावराची पाठ पाहायची. एखादं जनावर समोर उभं आहे आणि आपण नुसतं बसून त्याच्याकडे पाहतोय, हे तिच्या वाट्याला कधी आलंच नाही. आणि ते मागणं या तिघा बाप्यांना चैन वाटत होतं. मी तोंड उघडणार, तोच आई उठली.

हिरवे झालेले हात तिने पदराला पुसले आणि फोन उचलून अगदी तोंडाजवळ धरला. मॅनेजरबाई दचकली असावी. आईने छातीवर बोट ठेवलं.

“प्रयागबाई. मी. जीप.”

मग ती बाई अडखळत, हसत म्हणाली, “प्रयागबाई. जीप. येस!”

“सकाळी बी अन् दुपारी बी. हे सांग वं अंजू तिले.”

मी सांगितलं. एस.टी. स्टँडपर्यंत ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने सांगितलं.

“मंग वहिनी, भाकरीचं काय?” काका अजून तिथेच अडकलेला.

“पाव भेटते ना, भाऊजी. मी बी तेच खाईन,” आई म्हणाली आणि पुन्हा जुड्या बांधायला बसली. बाबा चपला घालून विहिरीकडे निघून गेले.

संध्याकाळी पवनचा मेसेज आला. “ताई, आई रागावली काय? तिले म्हन, थोडंसं पीठ तरी आन.” मी तिथल्या तिथे टाइप केलं, “चार वर्षं तू तिकडं उपाशी बसला होता काय रे?” आणि पाठवण्याआधी आईला वाचून दाखवलं.

“असं नको लिहू,” आई म्हणाली. “पोटचा पोरगा हाये. लिही, पीठ आनते. पन भाकरी तू थापशीन.”