नमुन्याप्रमाणे

मित्रांनो, मी एक जुना अँटेना आहे. जुना म्हटल्यावर तुम्ही गच्चीवरची उंच काठी शोधायला मान वर कराल. तेवढी तसदी घेऊ नका. मी तुमच्या करंगळीच्या नखावर मावतो. हिरव्या पट्टीवर वळणं घेत गेलेली तांब्याची बारीक रेघ, एवढंच माझं रूप. पेन चालतंय का ते पाहायला कुणी गिरगटावं, तसा मी दिसतो.

माझा जन्म एका प्रयोगशाळेतल्या टेबलावर झाला. तिथे छातीवर अडकवायचं एक छोटं यंत्र तयार होत होतं. एकट्याने काम करणारा माणूस पडला किंवा अडकला, तर त्याने बटण दाबायचं, मी हवेत हाक सोडायची आणि पलीकडच्या खोलीत घंटा वाजायची. यंत्र काडेपेटीपेक्षा लहान हवं होतं. खरं तर माझ्यासारख्याला वीतभर लांबी लागते आणि भोवती मोकळी जागा लागते. शेजारी धातू आला की माझा आवाज बसतो. एवढ्या अडचणीत मला बोलतं करायचं, म्हणजे खायचं काम नव्हतं.

मला घडवणाऱ्या बाईंना तिथे सगळे ताई म्हणत. भिंगातून बघत त्या ब्लेडच्या टोकाने माझी रेघ केसभर खरवडत, मग मोजत, मग पुन्हा खरवडत. अकरा आठवडे हेच चाललं. माणसाचं अंग म्हणजे खाऱ्या पाण्याची पिशवी, ते माझा सूर खाली ओढतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून त्या मला मिठाच्या पाण्याच्या जड पिशवीखाली चक्क दाबून ठेवत. "पडणारा माणूस पालथाही पडतो," असं म्हणत. शेवटी एके दिवशी पिशवीखालून मी हाक दिली आणि पलीकडे घंटा वाजली. त्या दिवशी ताईंनी चहा गरम असताना प्यायला.

तपासणीत मी पहिल्या फटक्यात पास झालो. मला बसवलेल्या यंत्राच्या डबीवर 'मान्य नमुना' अशी चिठ्ठी लागली आणि मला काचेच्या कपाटात ठेवलं. माझ्यावरून माझी हजारो भावंडं बनणार होती. मी अगदी फुगून गेलो होतो. आता त्या फुगण्याची लाज वाटते.

कारण भावंडं माझ्यासारखी झालीच नाहीत. यंत्र छातीवर अडकवायची प्लास्टिकची चिमटी तुटते अशी तक्रार आली, म्हणून साहेबांनी यंत्राच्या मागे स्टीलची चिमटी बसवायला सांगितली. ती नेमकी माझ्या जागेच्या पाठीला आली.

"साहेब, पुन्हा मोजायला हवं," ताई म्हणाल्या. "स्टील अँटेनाला अगदी चिकटून आलंय."

"अहो ताई, चिमटी बदललीय, अँटेना नाही. नमुना पास आहे ना? मग मारा शिक्का. माल अडलाय."

ताईंनी एक दिवस टाळाटाळ केली. दुसऱ्या दिवशी त्यांनी कागदावर 'नमुन्याप्रमाणे' असा शिक्का मारला आणि खाली सही केली. मी काचेतून बघत होतो.

त्या मालातलं एक यंत्र पाणीपुरवठ्याच्या पंपघरात गेलं. तिथे ताईंचे दादा दिवसपाळीला एकटेच असत. पंपांच्या घरघरीत ओरडलेलं कुणालाच ऐकू जात नाही, म्हणून तर यंत्र दिलेलं. "तुझ्या हातचं आहे, मग मला कसली भीती," असं दादा ताईंना म्हणाले होते. एका दुपारी ते ओल्या पायरीवरून घसरले आणि पालथे पडले. मांडीचं हाड मोडलं, रक्त वाहत राहिलं. पलीकडच्या खोलीत घंटेपाशी माणूस बसलेला होता. घंटा वाजली नाही. संध्याकाळी पाळी बदलताना दादा सापडले, तेव्हा सगळं संपलं होतं. बटण आत दबलेलं होतं आणि सकाळी पूर्ण भरलेली बॅटरी पार रिकामी झाली होती. माझं भावंड शेवटपर्यंत ओरडत होतं, मित्रांनो. त्याचा आवाज दादांच्या अंगाखालून बाहेर पडलाच नाही.

चौकशी बसली. दादांचं यंत्र भिजून निकामी झालं होतं आणि कागदावर सगळा माल 'नमुन्याप्रमाणे' होता, म्हणून मला कपाटातून काढलं. तीन तपासनीस होते, साहेब होते, ताई होत्या आणि वहिनी, म्हणजे दादांची बायको. मला पिशवीखाली ठेवून बटण दाबलं. आयुष्यात पहिल्यांदा मला गप्प बसावंसं वाटलं. पण गप्प बसणं माझ्या हातात नव्हतं. घंटा खणखणीत वाजली.

"यंत्र निर्दोष," मोठे तपासनीस लिहिता लिहिता म्हणाले. "बटण दाबायला उशीर केला असावा, तोवर यंत्र भिजलं."

"म्हणजे ह्यांचीच चूक?" वहिनींनी विचारलं. "इतकी वर्षं काम केलं हो त्यांनी. एवढं कळत नव्हतं त्यांना?"

ताई उठल्या. त्यांनी पर्समधून स्टीलची चिमटी काढून माझ्या पाठीला बसवली आणि मला पुन्हा पिशवीखाली सारलं.

"आता ऐका."

होता नव्हता तेवढा जीव एकवटून मी हाक दिली. सगळे कान देऊन बसले होते. घंटा वाजली नाही.

"वहिनी, दादाने वेळेवर दाबलं होतं," ताई म्हणाल्या. "शिक्का मी मारला. चूक माझी आहे."

वहिनींनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. त्या पदराने तोंड पुसत उठल्या आणि निघून गेल्या.

"मान्य नमुन्यात फेरफार केलात तुम्ही," साहेब म्हणाले, आणि तपासनिसांना ते पटलं. दुसरी चाचणी बाद झाली, तिच्याबरोबर मीही बाद झालो. अहवालात पहिलीच घंटा राहिली. ताईंची नोकरी गेली. वहिनी त्यांच्याशी अजून बोलत नाहीत, असं झाडू मारणाऱ्या मावशी सांगत होत्या.

मी आता एका खणात पडून आहे. स्टीलच्या चिमटीची भावंडं मात्र अजून लोकांच्या छातीवर आहेत, माझंच प्रमाणपत्र दाखवून दिलेली. मित्रांनो, तुमच्या घरातलं कुणी असं यंत्र लावून कामावर जात असेल, तर एवढं करा. ते जमिनीवर ठेवा, त्यावर पालथे पडा आणि बटण दाबा. घंटेपाशी कुणाला तरी उभं करा. माझ्याबद्दल काय लिहिलंय ते वाचत बसू नका. मी चांगलाच आहे. पण मी कधी कुणाच्या छातीवर नव्हतो.