मागच्या सीटवरचं वजन

तबरेजने ग्रुपवर मेसेज टाकला त्याला आठवडा होत आला होता. 'रविवारी मॅगव्हील घेतोय. तुर्भ्याला, चाचांकडे. वजनाला या.' चौघांनीही तो वाचला होता, निळ्या खुणा तसं सांगत होत्या. आशुतोषने अंगठा दाखवला होता. पुण्याला बिऱ्हाड हलवलेल्या माणसाच्या अंगठ्याचा अर्थ काय लावायचा, हे न कळण्याइतका तबरेज दूधखुळा नव्हता. तरी दिवसातून दोनदा तो अंगठा उघडून बघत होता.

'वजनाला या' म्हणजे काय, हे सांगायला हवं. गाडीला मॅगव्हील, म्हणजे मिश्रधातूची शोभिवंत चाकं, आणि त्यांच्यावर रुंद टायर बसवले की ते रिकाम्या गाडीत छान फिरतात. मागे माणसं बसली, गाडी दबली, की मात्र वरच्या मडगार्डच्या कडेला घासायला लागतात. म्हणून या पाच मित्रांनी कॉलेजात असतानाच एक रीत पाडली होती. कुणीही नवीन चाकं घेतली की बाकीच्यांनी दुकानावर हजर व्हायचं, मागच्या सीटवर दाटीवाटीने बसायचं आणि दुकानासमोरच्या गतिरोधकावरून गाडी न्यायची. सगळ्यांनी श्वास रोखून ऐकायचं. 'खर्र' असा आवाज ज्याला पहिल्यांदा ऐकू येईल, त्याला गाडीच्या मालकाने बिर्याणी खिलवायची. बिर्याणी बहुतेक वेळा हितेशच खाऊन जायचा. तो मोऱ्याच्या कोळीवाड्यातला, अंगाने आडवातिडवा, एकटाच दोघांचं वजन. घासलं की त्याच्याच बाजूला घासायचं.

मग व्हायचं तेच झालं. तौहीद दोह्याला गेला, आशुतोष पुण्याला. स्वराजने गाडी विकून उंच, कुटुंबवत्सल गाडी घेतली आणि तिला कंपनीचीच चाकं ठेवली. हितेशचं लग्न झालं, मुलगी झाली, बंदरातल्या क्रेनवर त्याच्या पाळ्या लागल्या. राहिला तबरेज. खारघरच्या सोळाव्या मजल्यावर, घरूनच कंटेनरचे कागद तपासत बसणारा. अम्मी बहिणीकडे मस्कतला. आठवड्यातले काही दिवस असे जात की लिफ्टमध्ये वॉचमनला म्हटलेलं 'हां, बरंय' एवढंच काय ते त्याचं दिवसभराचं बोलणं. त्याची निळी पोलो तेवढी होती. इंजिन ट्यून केलेलं, आखूड स्प्रिंगा घालून खाली बसवलेली, आवाजाला भरदार. चाकं मात्र अजून जुनीच. चाकं त्याने मुद्दाम शेवटी ठेवली होती. चाकं घेतली की सगळ्यांना यावं लागतं, असा त्याचा साधा हिशेब होता.

रविवारी तो दुकान उघडायच्या आत तिथे पोचला. अब्दुर्रहमान चाचांनी कुलूप काढता काढता त्याच्याकडे आणि मग त्याच्या मागच्या रिकाम्या रस्त्याकडे पाहिलं.

"बाकीची फौज कुठे?"

"येतील."

चाचांनी दोन सेट समोर मांडले. एक सतरा इंची, रुंद, ब्राँझ रंगाचा, मडगार्डच्या बरोबरीने बाहेर येणारा. नजर हटू नये असा. दुसरा सोळा इंची, चंदेरी, साधासुधा.

"हा सतरावाला हिरो आहे," चाचा म्हणाले. "पन टायरची भिंत बारीक, खड्डा लागला की थेट कंबरेला. आनि चाक एवढं बाहेर, मागे दोन मानसं बसली की घासनार. सोळावाला हलका आहे. गाडी पळेल पन मस्त, आनि चौघांना घेऊन लोनावळ्याला जा, टेन्शन नाय."

"वजन आल्यावर बघू ना," तबरेज म्हणाला.

वजन येईना. चहा झाला, दुसरा चहा झाला. दोन गिऱ्हाइकं येऊन टायर घेऊन गेली. प्रत्येक गाडी वळली की तबरेजची मान वळायची, आणि चाचा ते दिसूनही न दिसल्यासारखं करायचे. त्याने हितेशला फोन लावला. बंद. पाळी असेल, किंवा नसेलही. तबरेजला राग येत होता आणि रागापेक्षा लाज जास्त वाटत होती. चौतिशी गाठलेला माणूस टायरच्या दुकानात मित्रांची वाट बघत बसतो, हे त्याचं त्यालाच कसंतरी वाटलं.

दुपारच्या नमाजाची, जोहरची अजान झाली तेव्हा चाचा उठले. "नमाजानंतर मी शटर ओढनार बेटा. चल, मीच वजन देतो तुला."

त्यांनी आणि दुकानातल्या कारागिराने ब्राँझ चाकं तात्पुरती चढवली आणि भंगारातले जुने टायर उचलून मागच्या सीटवर रचले, अगदी छतापर्यंत. खाली कोसळू नयेत म्हणून कारागिराने त्यांना सीटबेल्टही लावला. तबरेजने आरशात पाहिलं. काळे, गुळगुळीत झालेले टायर पट्टा लावून शहाण्यासारखे बसले होते. हसू यायला हवं होतं. हितेश असता तर लोळला असता. तबरेजने पटकन गिअर टाकला.

गतिरोधकावर गाडी चढली, उतरली. खर्र. उजवीकडून. मग डावीकडून. ऐकायला तो एकटाच होता.

"ऐकलंस ना?" परत आल्यावर चाचा म्हणाले. "सोळावाला घे. मडगार्डची कड दुमडून मिळते, पन रंग फुटतो, मी सांगनार नाय. आनि एक आताच बोलतो, टायर घेऊन गेलास की मी परत घेत नाय."

तबरेज ब्राँझ चाकांकडे बघत राहिला. सोळा इंची घ्यायची ती मागे बसणाऱ्यांसाठी. आणि मागे बसणारे निळ्या खुणा करून गप्प बसले होते.

"सतरा द्या," तो म्हणाला.

"अरे, पन घासतंय..."

"कोण बसतंय मागे, चाचा?" तो जरा जोरातच बोलला. "मी एकटाच असतो. एकट्याला घासत नाही ना? मग झालं."

 चाचांनी मागच्या सीटवरचे जुने टायर उतरवले आणि चाकांचे बोल्ट पक्के आवळून दिले.

एकट्याला खरंच घासत नव्हतं. गाडी रस्त्याला चिकटून चालली होती, वळणावर जराही डुलत नव्हती, आणि काचेच्या दुकानांसमोरून जाताना तिचं प्रतिबिंब बघून तबरेजला क्षणभर बरं वाटलं. मग हे कुणाला दाखवायचं असा प्रश्न पडला, आणि ते बरं वाटणंही ओसरलं. नेरूळ मागे पडत होतं तेवढ्यात फोन वाजला. अनोळखी नंबर.

"तबऱ्या! कुठं हाय तू? मी हितेश. मिताच्या फोनवरून बोलतोय, माझा पान्यात पडला काल. सीवूड्सला उतरलूय आमी. वजन आनलंय तुला पूर्न, बायको-पोरीसकट!"

तबरेजने गाडी कडेला घेतली. "तिथेच थांब, आलोच," तो म्हणाला.

स्टेशनबाहेर हितेश उभा होता, आणखी रुंद झालेला. शेजारी त्याची बायको मिताली, आणि तिच्या बोटाला धरून ईश्वरी, पाचेक वर्षांची. हितेशने आधी चाकांभोवती एक चक्कर मारली, गुडघ्यावर बसून मडगार्डखाली बोटं घातली आणि शिट्टी वाजवली. मग उठून म्हणाला, "पुढच्या आठवड्यात मुंद्र्याला चाललूय. तिकडच्या पोर्टात नोकरी लागली. घरदार घेऊन जातो. ग्रुपवर टाकलं नाय, म्हटलं तबऱ्याला तोंडावर सांगायचं. वजनाला तर यायचंच होतं."

"म्हणजे कायमचं?"

"आता तरी तसंच हाय." हितेशने एक स्टीलचा डबा मागच्या सीटवर ठेवला. "आयनं बोंबील दिलेत तळून. तुझ्यासाठीच, बघ. ती इचारते, तबरेज जेवतो तरी का?"

बायजाकाकूंच्या हातचे बोंबील. तबरेजने वाकून पुढचं दार उघडलं.

"पुढे बस ना," तो घाईने म्हणाला.

"वजन मागंच बसतं, येड्या," म्हणत हितेश बायको-मुलीला घेऊन मागे शिरला. गाडी हलकेच खाली बसली. ती बसलेली तबरेजला पाठीत जाणवली.

पहिल्याच गतिरोधकावर तो आवाज आला. चाचांच्या टायरांपेक्षा मोठा, लांबलचक. खर्रर्र.

"मी ऐकला!" हितेश ओरडला. "बिर्यानी लागू!"

ईश्वरी मात्र दचकून आईला बिलगली. पुढे खड्डा आला. पुन्हा आवाज झाला, आणि जळक्या रबराचा वास आत आला. ती रडायला लागली. हितेशचं हसू मावळलं.

"थांबव, थांबव. टायर कापला जाईल. पोर हाय गाडीत."

गाडी थांबायच्या आत ईश्वरी बापाच्या गळ्याला लटकली होती. हितेशने तिला पुढच्या सीटवर मांडीत घेऊन बघितलं, काकाची गाडी चांगली हाय म्हणून समजावलं, पण ती दाराबाहेरच ओढ घेत राहिली. नाय बसायचं म्हणजे नाय बसायचं.

"टेस्ट नाय केली?" हितेशने हळू आवाजात विचारलं.

"केली."

"मग घासतंय ते कळलं असेल ना? तरी घेतलीस?"

तबरेजने स्टिअरिंगवरचा हात काढला नाही. "मला वाटलं, कोणी येणार नाही."

 हितेशने मुलीला खांद्यावर घेतलं आणि एवढ्या वर्षांत कधी केलं नव्हतं तसं तबरेजच्या डोक्यावरून हात फिरवला. "आमी रिक्षानं येतो. तू मागून ये. बेलापूरला, आपल्या जुन्या हॉटेलात. बिर्यानी सोडनार नाय मी."

रिक्षा लगेच मिळाली. तिघं तिच्यात मावली. ईश्वरीचं रडणं थांबलं होतं. बाजूने डोकं बाहेर काढून ती आता ऐटीत हात हलवत होती. तबरेजनेही हलवला.

तो रिक्षाच्या मागून निघाला. आरशात मागची सीट दिसत होती, आणि तिच्यावर एकटा बोंबलांचा डबा. पुढे रिक्षा एका गतिरोधकावरून उडाली आणि आतून तिघांचं हसणं ऐकू आलं. तबरेजने काच खाली केली, वेग कमी केला आणि सवयीने श्वास रोखून ऐकलं. पुढची चाकं चढली, उतरली. मागची चढली, उतरली.

कुठेही घासलं नाही.