साय धरलेला चहा

"कुणाची काही हरकत आहे का?" पाहुण्याने तिसऱ्यांदा विचारलं.

विचारलं त्याने त्याच्या भाषेत. आपल्या भाषेत आणून ओतलं मधल्याने. मधला म्हणजे कारखान्याचा एचआरवाला साहेब. परदेशी कंपनीने कारखाना विकत घेतला, तिकडून हा पाहुणा आला, आणि दोघांच्या मधे हा उभा राहिला, म्हणून माणसं त्याला मधला म्हणू लागली.

कॅन्टीनमध्ये सगळं प्रेस खातं बसलं होतं. प्रत्येकासमोर चहाचा कप. एकाही कपाला हात लागला नव्हता. चहावर साय धरली होती. कुणी छताकडे बघत होतं, कुणी नखातली रबराची पावडर कोरत होतं. पाहुण्याने वाट बघितली. चांगली ऐसपैस बघितली, तेवढं त्याच्या पदरात घालायला हवं. मग तो हसला, आभार मानले, स्वतःचा कप एका दमात संपवला आणि उठला. दाराशी पहिल्या बाकावर थोरली बसली होती. जाता जाता त्याने तिच्यापुढे हात केला. पुढे आलेल्या हाताचं करायचं काय? तिने मिळवला.

बाहेर पडताच धाकटीने तिला कोपराने ढोसलं. दोघी सख्ख्या जावा. एकाच घरात राहायच्या, एकाच प्रेसवर उभ्या असायच्या.

"ताई, तोंड बघितलंत का त्याचं? सगळे कप तसेच्या तसे! आता बसेल बोंबलत."

"बसू दे. दोघींचा प्रेस एका माणसावर चालवायचा म्हणे. स्वतः उभा राहा म्हणावं एक दिवस."

"पण हात कशाला मिळवलात मेल्याशी?"

"त्याने पुढे केला. मग काय चावू?"

धाकटी खो खो हसली. सगळं खातंच हसत होतं. माणसं जिंकून आल्यासारखी प्रेसवर परतली.

त्याचं कारण असं. म्हातारा मालक होता तेव्हा त्याच्या तोंडावर नाही म्हणणारा माणूस दुसऱ्या दिवशी बॉयलरपाशी कोळशाची राख ओढताना दिसायचा. म्हातारा काही देवमाणूस नव्हता, आता मेला म्हणून त्याला हार घालायचं कारण नाही. तेव्हा माणसांनी आपली वाट काढली. मालकाने नवीन काही काढलं आणि ते नको असलं, तर चहाला हात लावायचा नाही. तोंड उघडायचं नाही, म्हणजे कुणी एकटा सापडत नाही. म्हातारा कप बघायचा, दोन शिव्या हासडायचा आणि विषय सोडून द्यायचा. हे कुणाला शिकवावं लागत नव्हतं. मधल्यालाही नाही. म्हाताऱ्याच्याच हाताखाली त्याचे केस पिकले होते.

आणि हरकत काही उगाच नव्हती. फ्रिजच्या दाराला चिकटून बसणारी रबरी चौकट या प्रेसवर, तापलेल्या साच्यात बनते. साचा उघडला की ती वाफाळत असते. दोघींनी दोन टोकं धरून एका वेळी, एका जोराने उचलायची. एकीचा हात मागे राहिला की रबर ताणलं जातं, चौकट वाकडी होते, आणि तापलेली कड बोटांना चिकटते.

सोमवारी पाळी सुरू व्हायच्या आधी कर्ण्यावरून मधल्याचा आवाज आला. नव्या पद्धतीला प्रेस खात्याने एकमताने संमती दिली, त्याबद्दल कंपनी आभारी आहे. सर्वांत शेवटी लागलेली माणसं महिनाअखेरीस मोकळी होतील.

मोकळी! माणसाला रस्त्यावर काढायचं आणि त्याला मोकळं म्हणायचं, असलं बोलायला शिकवणाऱ्या शाळा असतात आणि तिथून पास होऊन आलेल्यांना केबिन मिळते.

खात्यात सगळ्यात शेवटी लागलेल्यांत धाकटी होती. तिचा नवरा, थोरलीचा दीर, पाठीच्या दुखण्याने अंथरुणाला खिळलेला. त्याच्या औषधापासून पोरांच्या चपलांपर्यंत सगळं हिच्या पगारावर.

मग सुरू झाली शोधाशोध. संमती दिली कुणी? दुपारपर्यंत माणसं एकमेकांच्या कपांची झडती घ्यायला लागली.

"फिटरने घोट घेतला होता, मी बघितलं."

"मी? तुझाच कप अर्धा होता!"

"अर्धा मुळातच आला होता, वाढणाऱ्याला विचार!"

आणि हळूहळू सगळ्यांच्या नजरा थोरलीवर येऊन थांबल्या. कॅन्टीनभर माणसं असताना पाहुण्याने हात कुणाशी मिळवला? धाकटी दिवसभर चौकटी उचलत राहिली, पण थोरलीच्या आधी क्षणभर, आपल्याच तालात. दोन चौकटी वाकड्या गेल्या.

घरी कणीक मळताना तिने विचारलंच. "ताई, तुमच्याशीच का?"

"दाराशी बसले होते म्हणून."

"दाराशी कुणी बसवलं तुम्हाला?"

सकाळी थोरली तडक पाहुण्याच्या केबिनवर गेली. मधल्याने दारातच अडवलं.

"काय असेल ते मला सांगा, बाई. मी पोचवतो."

"तेच नकोय मला."

पण दुसरा मार्ग कुठे होता? पाहुण्याने स्वतः उठून तिला खुर्ची दिली. ती टेकली नाही.

"आम्ही नाही म्हटलं होतं," ती म्हणाली.

मधल्याने सांगितलं. पाहुण्याच्या भुवया वर गेल्या.

"कुणी, असं विचारतायत."

"सगळ्यांनी."

"कधी?"

"यांच्यासमोरच. चहा तसाच ठेवला होता ना!"

मधला पाहुण्याकडे वळला. मग काहीतरी बोलला. पाहुणा ओशाळून हसला.

"चहा आवडला नसेल तर पुढच्या वेळी चांगला मागवू, म्हणतायत."

थोरलीच्या डोक्यात लख्ख झालं. "साहेब, न प्यायलेल्या चहाचा अर्थ तुम्हाला ठाऊक आहे. म्हाताऱ्यासमोर तुम्ही स्वतः कप बाजूला सारलेला मी बघितलाय."

मधल्याचे कान लाल झाले, पण आवाज हलला नाही. "मी शब्दांचं भाषांतर करतो, बाई. तुम्ही शब्द दिलेच नाहीत."

"आता देते. घ्या."

आणि ती बोलली. साचा कसा उघडतो, रबर कुठे चिकटतं, दिराची पाठ, चहा कुणी आणि का ठेवला, आणि या मधल्या माणसाला ते सगळं माहीत असून त्याने तोंड कसं मिटलं, सगळं. आयुष्यात साहेबासमोर इतकं ती कधी बोलली नव्हती.

मधल्याने पाहुण्याकडे वळून एक वाक्य टाकलं.

"मी एवढं बोलले आणि तुमचं एवढ्यात उरकलं?"

"त्यांच्या भाषेत शब्द कमी लागतात."

पाहुण्याने मान हलवली, हळू आवाजात काही सांगितलं. डोळे माणसाचे वाटले, पण डोळ्यांवर कोण विश्वास ठेवतो.

"म्हणतायत, त्यांच्या देशात माणसं वरिष्ठांशी तोंडावर भांडतात आणि मग एकत्र जेवतात. तुम्हीही बोलायचं होतंत."

"हे ते म्हणाले की तुम्ही?"

मधल्याने टेबलावरचे कागद सरळ केले.

"बरं, मग मला काढा म्हणावं. तिला ठेवा."

हे मात्र लगेच पोचलं असावं, कारण उत्तर लगेच आलं. शेवटी आलेला आधी जातो. कंपनी जितक्या देशांत आहे तितक्या देशांत हाच नियम. न्याय सगळीकडे सारखा.

न्याय सारखाच असेल. तो ज्यांच्या अंगावर पडतो ती घरं सारखी नसतात, हे कुठल्या भाषेत सांगायचं? आणि सांगायचं तर कुणाच्या तोंडून? दोन्ही बाजूंना ज्या दिवशी एकमेकांचं कळेल, त्या दिवशी मधल्याची खुर्ची निघेल. हे त्याला दोन्ही भाषांत कळत होतं.

"बोललात?" संध्याकाळी धाकटीने विचारलं.

"बोलले. सगळं बोलले."

"साक्षीला कोण होतं?"

"मधला."

"वा," धाकटी म्हणाली आणि भांडी घासायला वळली.

महिनाअखेरीस ती गेली. गेटवर तिचं कार्ड घेतलं, हातमोजे फाटके म्हणून तिलाच ठेवायला सांगितले. थोरली मागे उभी होती. वाटेत धाकटी दोन पावलं पुढेच चालत राहिली.

दुसऱ्या दिवशी थोरली प्रेसवर एकटी. साचा उघडला की या टोकाची कड सोडवायची, धावत जाऊन त्या टोकाची सोडवायची, तोवर ही परत चिकटलेली. मोजे घालून कड सापडेना, म्हणून तिने मोजे काढले. दुपारी पाहुणा लांबून बघून गेला. सोबत मधला होता, काहीतरी समजावत होता.

घरी आली तेव्हा तिला दाराची कडीही धरवेना. कोपराने दार ढकललं. धाकटीने पाहिलं, उठली, नवऱ्याच्या उशाशी ठेवलेली मलमाची ट्यूब घेऊन आली आणि समोर बसली. थोरलीचा हात मांडीवर घेतला. एकेक बोट सोडवून मलम लावलं, मधेच फुंकर घातली, करंगळीच्या पेरापर्यंत आली. वर मात्र एकदाही बघितलं नाही.

थोरलीला विचारायचं होतं, मी बोलले ते अजून खरं वाटत नाही का गं. पण विचारलं असतं तर कदाचित धाकटीने हात सोडला असता.

तिने दुसरा हातही पुढे केला.