रविवारचा नळ

‘‘आता पुढचे उपचार फ्यूटाइल आहेत,’’ बाबांना तपासून डॉक्टर म्हणाले आणि शेजारच्या खाटेकडे वळले.

बाहेर येताच आईने लेकीला विचारलं, ‘‘काय म्हणाले गं?’’

लेकीचं पोट भाषांतरावर चालायचं. या शब्दासाठी तिच्याकडे ढीगभर मराठी शब्द होते. त्यातला एकही जिभेवर येईना. ‘‘म्हणजे... कितीही केलं तरी उपयोग नाही, असं.’’

‘‘मग तसं सांगायला काय झालं होतं?’’ आई म्हणाली.

बाबा गेले. शब्द मात्र आईबरोबर घरी आला. बंद पडलेल्या लिफ्टचं बटण दाबत राहिलेल्या शेजाऱ्याला ती म्हणाली, ‘‘फ्यूटाइल.’’ आत्याने फोनवर ‘‘धीर धर गं वहिनी’’ म्हटलं, तेव्हाही तेच. शब्द दर वेळी अचूक बसत होता. लेकीला चूक काढायला जागाच नव्हती. मग ताटाची पाळी आली. ‘‘जेवून काय होणारेय? फ्यूटाइल.’’ ताटं भरलेली परत जाऊ लागली. आईचं घड्याळ मनगटावरून घसरायला लागलं.

रविवारी स्वयंपाकघरातला नळ नेहमीसारखा गळत होता. दर रविवारी बाबा पाना घेऊन त्याच्यामागे लागायचे, वायसर बदलायचे आणि हात पुसत म्हणायचे, ‘‘आता बघ.’’ नळ संध्याकाळपर्यंत त्यांचा मान राखायचा, मग पुन्हा टपटप.

लेकीने आईसमोर ताट ठेवलं, पाण्याचा कॉक बंद केला आणि पाना उचलला.

‘‘वायसर उलटा बसवतेयस,’’ आई बसल्या जागेवरून म्हणाली.

‘‘बाबा असाच बसवायचे.’’

‘‘हो. म्हणून तर गळायचा.’’

पाना हातातच राहिला. ‘‘तुला ठाऊक होतं? मग कधी बोलली कशी नाहीस?’’

‘‘बोलले असते तर रविवारभर काय केलं असतं त्यांनी? माझं डोकं खाल्लं असतं.’’

लेकीने वायसर काढला, सुलटा धरून पाहिला. मग होता तसा उलटाच बसवला, नट आवळला, कॉक सोडला.

‘‘आता बघ,’’ ती म्हणाली.

दोघी बघत राहिल्या. नळाने या वेळी संध्याकाळचीही वाट पाहिली नाही.

‘‘फ्यूटाइल,’’ आई म्हणाली, शाबासकी द्यावी तसं. मग तिने ताट पुढे ओढलं. ‘‘पुढच्या रविवारी नवा वायसर आणून ठेव.’’

आणि पहिल्या घासानंतर, ‘‘भाजीत मीठ घालायचं असतं, हे सांगितलं नव्हतं का मी तुला?’’