तारामतीशेजारचा टाक

आपण मोठी शक्कल लढवली, असं हिम्मतरावांना वाटलं होतं. त्यांच्या बायकोला, तारामतीला, जाऊन वर्ष झालं होतं. घरच्या रीतीप्रमाणे तिच्या नावाचा चांदीचा टाक करून देवघरात, खंडोबा-भवानीच्या आणि आजे-पणज्यांच्या टाकांच्या रांगेत बसवायचा होता. त्याला पहिलं हळदकुंकू लेकीच्या हातचं लागावं, एवढी एकच इच्छा म्हाताऱ्याला उरली होती. पण लेक, प्रणिता, दोन वर्षांपूर्वी बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती झालेली. तेव्हापासून ती देवघरासमोर बसत नव्हती. आईच्या दहाव्यालासुद्धा बाजूला उभी राहून ढसढसा रडली, पण पिंडाला हात जोडले नाहीत. त्या दिवशी नातेवाइकांनी जे ऐकवलं ते हिम्मतरावांनी मुकाट गिळलं होतं.

म्हणून त्यांनी अंबरपेठेतल्या लक्ष्मणराव सोनाराला दोन टाक करायला सांगितले. एक तारामतीचा, एक येशूचा. लक्ष्मणरावाने उभा जन्म घोड्यावरचे, सोबत कुत्रं असलेले खंडोबा ठोकलेले. येशूच्या चित्राचं कॅलेंडर पुढ्यात ठेवून त्याने खांद्यावर कोकरू घेतलेला येशू घडवला खरा, पण हाताच्या सवयीने कोकराचं कुत्रं झालं. चालायचंच. पोरीचा देव आपल्या घरात आला, आता तिला पाटावर बसायला काय हरकत, असा हिम्मतरावांचा अंदाज. एवढे देव नांदतात तिथे आणखी एक सहज मावतो. आपण किती मोठ्या मनाचे, याचं त्यांना जरा कौतुकही वाटत होतं.

रविवारी दुपारी प्रणिता तारनाक्याहून आली. बापाने हौसेने देवघराचा पडदा सारला. ती वाकली, खंडोबाला खेटून बसवलेला येशू तिने पाहिला आणि तिचा चेहरा उतरला.

"सॉरी बाबा, हे नक्को," ती म्हणाली. "त्याला इथून काढा."

हिम्मतरावांचं डोकंच फिरलं. तुझा देव आम्हाला चालतो, मग आमचे तुझ्या देवाला का चालत नाहीत, एवढा कसला तोरा, असं त्यांनी सुनावलं. येशू थोर साधुपुरुष होता, हे ते स्वतः चारचौघांत सांगत असत. त्याला नाही कोण म्हणतंय?

प्रणिता जमिनीवर बसली. तिचा आवाज चढला नाही, आणि त्याचाच हिम्मतरावांना जास्त राग आला.

"नुसता साधू म्हणवून घेतलं असतं तर त्याला कुणी हात लावला नसता, बाबा. देव आणि मी एकच, माझ्यावाचून देवाकडे जायला वाट नाही, असं तो सांगत राहिला. लोकांनी दगड उचलले, शेवटी क्रुसावर खिळलं, तरी त्याने शब्द मागे घेतला नाही. हे एक तर खरं आहे, नाही तर फार मोठं खोटं आहे. मी ते खरं मानते. मग रांगेतला एक म्हणून त्याला कशी बसवू? आणि या रांगेत तर आपली गेलेली माणसं आहेत. तो मेलेला नाही."

"हौ का?" हिम्मतराव म्हणाले. "मग तुझी आई? तिने जन्मभर भवानीला कुंकू लावलं. तिला वाट मिळाली का नाही?"

प्रणिताने आईच्या टाकाकडे पाहिलं. मग म्हणाली, "मला माहीत नाही, बाबा. रोज विचारते त्याला."

ती खोटं बोलली असती तर बरं झालं असतं. हो, पोचली असेल, एवढं म्हणायला तिचं काय जात होतं? पण ती तसं म्हणाली नाही. आईच्या टाकावरून तिने एकदा बोट फिरवलं, हळदकुंकवाच्या कोयरीला हात लावला नाही, आणि नैवेद्याच्या ताटातली पुरणपोळी तशीच ठेवून गेली.

हिम्मतरावांनी बायकोच्या टाकाला स्वतःच कुंकू लावलं. मग येशूचा टाक उचलला. परत सोनाराकडे टाकून यावा, चांदी वितळवून घ्यावी, असं मनात आलं. तसेच ते थोडा वेळ हातात टाक घेऊन उभे राहिले. शेवटी त्यांनी तो खंडोबाशेजारी न ठेवता रांगेच्या टोकाला, तारामतीच्या टाकाला लागून ठेवला.

"तुझ्यावाचून वाट नाही म्हणतोस ना," ते कडवटपणे म्हणाले. "मग हिचं काय केलंस ते तूच सांग. पोरीला तर तू सांगत नाहीस."